सुरू न होणारी व्हॅन आणि ओहमचा नियम



नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा पाठ आहे. विभवांतर, रोध, ओहमचा नियम, रोधांची एकसर जोडणी. दरवर्षी मी तो शिकवतो. मुलं सूत्र पाठ करतात, दोन-चार उदाहरणं सोडवतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. या वर्षी मात्र हा पाठ वर्गात सुरू झाला आणि भोसरीतल्या एका गल्लीत, एका जुन्या डिझेल व्हॅनपाशी जाऊन संपला. तो अनुभव सविस्तर लिहितो आहे. कुणाला वर्गात वापरता आला तर आनंदच आहे. शिवाय त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

उशिराची नोंद

माझ्या वर्गातली एक मुलगी जानेवारीत सारखी उशिरा येऊ लागली. आमची शाळा सकाळची. एका आठवड्यात चार दिवस उशीर. हातांना काळं, ओढणीला काळं. मी हजेरीपटात लाल शाईने नोंदी केल्या, दोनदा तिला वर्गाबाहेर उभं केलं. "वेळेचं महत्त्व" यावर एक छोटं भाषणही दिलं. ती काही बोलली नाही. तिची मैत्रीणच म्हणाली, "सर, तिची गाडी चालू होत नाही." मला हसू आलं. चालत येणाऱ्या मुलीची कसली गाडी?

शनिवारी दुपारी तिच्या घरी गेलो तेव्हा ती गाडी दिसली. तिचे बाबा पूर्वी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामावर होते. ते काम सुटल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. आई पहाटे साडेतीनला उठून स्वयंपाक करते आणि बाबा म्हाळुंगे, खराबवाडी भागात खोल्या करून राहणाऱ्या कामगारांना डबे पोचवतात. पहिल्या शिफ्टचा माणूस साडेसहाला खोलीबाहेर पडतो. त्याआधी डबा हातात पडला नाही, तर तो दुसरी मेस बघतो. म्हणजे गाडी पावणेसहाला भोसरीतून निघालीच पाहिजे. उशीर झाला की पुढे चाकणच्या तळेगाव चौकातली गर्दी गाठते, आणि मग सगळंच चुकतं.

थंडीत गाडी सेल्फवर घेत नव्हती. मग बाबा स्टिअरिंगवर आणि मायलेकी मागून धक्क्याला. दोघींच्याने हलली नाही तर शेजारचं कुणी उठेपर्यंत थांबायचं. गाडी गेली की राहिलेली भांडी, पाणी, आणि मग शाळा. महिनाभरात सहा डबे तुटले होते.

नोव्हेंबरमध्ये गॅरेजवाल्याने सांगितलं म्हणून सहा हजारांची नवी बॅटरी टाकली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणत होता, सेल्फच बदला, आठ हजार लागतील. बाबा भिशी उचलायच्या विचारात होते.

आधी काय चालतंय ते विचारा

मला इंजिनातलं फार कळत नाही, हे आधीच कबूल करतो. मी फक्त काही प्रश्न विचारले.

"धक्का मारल्यावर किती वेळात चालू होते?"

"लगेच, सर. दहा पावलं गेली की घेते."

"आणि दुपारी?"

"दुपारी सेल्फवर घेते, पण कण्हत कण्हत."

सोमवारी वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले. एकाला नाव दिलं 'काय चालतं', दुसऱ्याला 'काय चालत नाही'. तिला विचारून, तिची हरकत नाही हे पाहून, गाडीची हकीकत वर्गाला सांगितली आणि मुलांना म्हटलं, "आता सांगा, दोष कुठे नाही?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपण सगळे 'दोष कुठे आहे' इथून सुरुवात करतो आणि मनात येईल ते नाव घेतो. 'दोष कुठे नाही' असं विचारलं की शोधायची जागा निम्मी होते.

धक्क्यावर गाडी लगेच चालू होते. म्हणजे डिझेल येतंय, पंप ते इंजेक्टरपर्यंत पोचवतोय, इंजिनात हवा नीट दाबली जातेय. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात हे करून दाखवलं. ते सगळं इथे ठीक होतं. बिघाड एकच होता : इंजिनाला पहिला फेरा द्यायचं काम चाकांनी केलं तर जमतं, सेल्फने केलं तर जमत नाही. म्हणजे शोधायची जागा उरली ती बॅटरी, सेल्फची मोटर आणि या दोघांमधल्या वायरी.

एका मुलाने लगेच विचारलं, "मग थंडीतच का, सर?" थंडीत इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीची ताकदही कमी होते. थंडीने बिघाड निर्माण केला नव्हता, आधीपासून असलेला उघडा पाडला होता.

मग ती मुलगी, जी वर्गात सहसा हात वर करत नाही, म्हणाली, "सर, बाबा चावी फिरवतात तेव्हा हेडलाइट चालू असतो. समोरच्या भिंतीवरचा उजेड फारसा कमी होत नाही. पण शेजारच्या काकांच्या टेंपोची बॅटरी उतरली होती, तेव्हा त्यांचा लाइट पार मेला होता."

याहून चांगलं निरीक्षण मी फळ्यावर लिहून देऊ शकलो नसतो. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ मारताना तिचं विभवांतर कोसळतं आणि दिवा मंदावतो. दिवा जवळजवळ तसाच राहतो आणि मोटर मात्र रडते, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, पण तिचं देणं मोटरपर्यंत पोचत नाही. वाटेत कुणीतरी खातंय.

बझर वाजला, तरी वायर नापास

बाबा म्हणाले, "पण वायर तर मिस्त्रीने चेक केली होती. मीटर लावला, बझर वाजला."

इथेच या पाठाचं सार आहे. मीटरचा बझर वायरमधून अगदी क्षुल्लक धारा सोडून पाहतो. शंभर तारांच्या जाड वायरमधल्या पाच तारा शिल्लक असल्या, तरी बझर वाजतो. सेल्फची मोटर मात्र शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त धारा ओढते. आपल्या घरातला पंखा अर्ध्या अँपिअरच्याही आत भागवतो, त्यावरून अंदाज घ्या. बझरला जी वायर पुरेशी वाटते, ती मोटरला अपुरी पडते. म्हणून तपासणी भार असताना करायची, म्हणजे सेल्फ फिरत असताना.

पुढच्या शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन, मुख्याध्यापकांना सांगून, पाच मुलांसह तिच्या घरी गेलो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. बाबा चावी फिरवायचे, मी टोकं धरायचो, ती आकडे लिहायची.

१. सेल्फ न मारता, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये : १२.६ व्होल्ट. बॅटरी पूर्ण भरलेली.
२. सेल्फ मारताना, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये : ११.८ व्होल्ट. बॅटरी दमदार.
३. सेल्फ मारताना, बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फवरच्या जाड वायरच्या नटापर्यंत : ०.३ व्होल्ट. ठीक.
४. सेल्फ मारताना, सेल्फच्या नटापासून सेल्फच्या धातूच्या अंगापर्यंत : ७.९ व्होल्ट. म्हणजे मोटरला एवढंच मिळतंय.
५. सेल्फ मारताना, सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत : ३.६ व्होल्ट.

पाचवा आकडा वाचून मुलं गप्प झाली. धातूच्या परतीच्या वाटेवर जेमतेम अर्धा व्होल्ट पडायला हवा, तिथे ३.६ पडत होते. तिने वहीत बेरीज केली : ०.३ अधिक ७.९ अधिक ३.६ बरोबर ११.८. एकसर जोडणीत प्रत्येक भागावरच्या विभवांतरांची बेरीज एकूण विभवांतराएवढी असते, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्या दिवशी ते बोनेटखाली जसंच्या तसं सापडलं.

मग ऋण बाजूचे दोन तुकडे केले. बॅटरीपासून चासीपर्यंत ०.१ व्होल्ट. चासीपासून इंजिनापर्यंत ३.५. दोष या दुसऱ्या तुकड्यात.

इंजिन चासीवर थेट टेकलेलं नसतं. धक्के बसू नयेत म्हणून ते रबराच्या माउंटिंगवर असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून चासी आणि इंजिन जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते, तिला आपले मिस्त्री अर्थची पट्टी म्हणतात. ती खाली, चिखलाच्या बाजूला होती. अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या आणि बोल्टखाली गंजाचा थर. दहा सेकंद सेल्फ मारल्यावर बाबांनी त्या बोल्टला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. तापला होता.

वर्गात करायचं गणित

सेल्फ १२० अँपिअर धारा घेत होता असं धरू. प्रत्यक्ष धारा मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं, आणि शाळेतल्या मल्टिमीटरने एवढी धारा मोजायचा प्रयत्नही करू नये. पण गणितासाठी हा आकडा पुरेसा आहे.

रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा : ३.६ भागिले १२० बरोबर ०.०३ ओहम. मुलांना विचारा, ०.०३ ओहम हा मोठा रोध आहे का? सगळी म्हणतील, अगदी छोटा. आपल्या पुस्तकातले रोध पाच, दहा, वीस ओहमचे असतात. साध्या मीटरच्या रोधाच्या बटणावर हा दोष दिसणारच नाही, शून्यच दिसेल. पण १२० अँपिअरच्या वाटेत हाच 'नगण्य' रोध जवळपास एक तृतीयांश विभवांतर गिळतो.

आता उष्णता. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा : ३.६ गुणिले १२० बरोबर ४३२ वॅट. गंजक्या पट्टीत छोट्या इस्त्रीएवढी उष्णता तयार होत होती. बोट का भाजलं, याचं हे उत्तर. दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ येतो तेव्हा उष्णतेचा परिणाम, सेल्फची मोटर म्हणजे विद्युत चलित्र, आणि चावी फिरवल्यावर 'टक्' करणारं नालकुंतल, या तिन्हींसाठी हीच गाडी पुन्हा वापरता येईल.

भोसरीतल्याच दुकानातून नवी पट्टी आणि बोल्ट आणले, साडेतीनशे रुपये. बाबांनी चासीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, पट्टी आवळली. पुन्हा मोजलं : ऋण बाजूला ०.२ व्होल्ट, सेल्फला १०.८. रविवारी पहाटे पावणेसहाला तिच्या बाबांचा फोन आला. ते काही बोलले नाहीत, नुसता सेल्फचा आवाज ऐकवला.

सेल्फ जोरात फिरतो, तरी गाडी घेत नसेल तर?

ही वेगळी गोष्ट आहे, पण पालकांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात. जुन्या डिझेल गाडीत अशा वेळी सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. थंडीत हीटर प्लग तपासायला सांगा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही. टाकी, चोंदलेला फिल्टर, किंवा गाडीने 'एअर धरली' असेल. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पाइपमध्ये हवेचा बुडबुडा असला की पंपाचा जोर त्या बुडबुड्यातच संपतो आणि इंजेक्टर उघडत नाही. हँडपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढतात ती यासाठीच.

सुरक्षितता

मुलांना घेऊन जाणार असाल तर हे नक्की पाळा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकांना दगड. चावी फक्त मालकाच्या हातात. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर. मुलं दोन हात मागे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी, ठिणगी नको. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढायचं आणि जोडताना ते शेवटी लावायचं. पाना दोन्ही टोकांना एकाच वेळी कधीही लागता कामा नये. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावं.

या शेवटच्या नियमामागे एक छान गोष्ट आहे. पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू करायच्या, आणि हँडल उलटं फिरून हात मोडायचे. एवढं जड इंजिन फिरवणारी मोटर गाडीत मावेल एवढी लहान कशी करायची, हा प्रश्न होता. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी ओळखलं की मोटर सतत चालवायचीच नाहीये. काही सेकंदांपुरती ती तिच्या कुवतीपेक्षा जास्त राबवता येते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा सेल्फ बसला. म्हणजे सेल्फ मुळातच थोड्या वेळासाठी जास्त ओझं उचलणारा गडी आहे. जास्त वेळ राबवला की जळतो.

परिसराशी जोडताना

आमच्या भागातल्या मुलांना हा विषय लांबचा नाही. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीच्या टेंपो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपो सुरू केली, पुढे तिचा कारखाना आकुर्डीत आला. तिथल्या तीनचाकी आणि मॅटाडोर महाराष्ट्रभर इतक्या फिरल्या की 'टेंपो' हे कंपनीचं नाव आपल्या भाषेत सामान्यनाम होऊन बसलं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी आपण भाजीचा टेंपो, विटांचा टेंपोच म्हणतो. मराठीच्या तासालाही हे उदाहरण चालेल. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आमच्या मुलांचे आईवडील कुणी वायरिंग हार्नेस बांधतात, कुणी रबरी माउंटिंग बनवतात, कुणी बोल्ट मोजतात. मुलांनी घरी विचारायचं : तुम्ही बनवता तो भाग गाडीत कुठे बसतो, आणि तो नसेल तर काय बंद पडेल? या एका गृहपाठाला माझ्या वर्गात जेवढी उत्तरं आली, तेवढी कुठल्याच स्वाध्यायाला आली नव्हती.

माझी दुरुस्ती

आता माझ्या चुकीविषयी. गॅरेजवाल्याने न मोजता बॅटरी बदलली म्हणून मला त्याचा राग आला होता. पण मी तरी काय केलं होतं? मुलगी उशिरा येते, म्हणजे बेशिस्त. हात काळे, म्हणजे अस्वच्छ. घटक चाचणीत वीसपैकी सहा, म्हणजे क्लास लावा. एकही गोष्ट न मोजता मी तीन सुटे भाग बदलायला सांगितले होते. तिची चौकशीही केली होती, नाही असं नाही. "घरी काही अडचण आहे का?" असं मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या विचारलं होतं. ती "नाही सर" म्हणाली होती. बझर वाजला, वायर पास!

पहाटे पाचपासून तिच्यावर किती भार असतो, तो भार असताना ती कशी चालते, हे बघायला घरीच जावं लागलं. उशिराच्या नोंदी मी नीट लावून पाहिल्या असत्या, तरी सगळ्या कडाक्याच्या थंडीच्या दिवसांतल्या आहेत हे मला आधीच दिसलं असतं. पुरावा माझ्याच हजेरीपटात होता. वर्गासमोर मी तिची माफी मागितली. ती लाजली, मुलं चपापली, पण मला ते गरजेचं वाटलं.

पुढच्या चाचणीत तिला वीसपैकी अकरा गुण मिळाले. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. सूत्रं लिहिताना ती अजून गोंधळते. पण एकसर जोडणीचं उदाहरण तिने बरोबर सोडवलं आणि खाली, कुणी सांगितलेलं नसताना, तिन्ही विभवांतरांची बेरीज करून ताळा दिला होता.

एक प्रश्न तिने मला विचारला, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "सर, म्हणजे आमची जुनी बॅटरी चांगलीच असेल ना?" असेलही. नव्या बॅटरीच्या बदल्यात ती देऊन टाकली होती, त्यामुळे आता ती मोजता येणार नाही.

फेब्रुवारीत तिच्या नावापुढे उशिराची एकच नोंद आहे. त्या दिवशी गाडी व्यवस्थित सुरू झाली होती. ती म्हणाली, "सर, आज मीच उशिरा उठले."